गुरुवारची बैठक

उत्तर इटलीतलं कास्तिल्योने हे एक लहान गाव. २५ जून १८५९ रोजी, म्हणजे सोल्फेरिनोच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्या गल्लीबोळांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आदल्या दिवशी फ्रान्स आणि सार्डिनियाच्या एकत्र फौजा ऑस्ट्रियाच्या फौजेशी भिडल्या होत्या. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक रणांगणावर उतरले होते. मेलेले, जखमी झालेले आणि बेपत्ता झालेले यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली. जखमींचे गाडे भरभरून कास्तिल्योनेत येत होते आणि चर्चमध्ये, शाळांत, ओसऱ्यांवर, भर रस्त्यात गवतावर माणसं टाकली जात होती. गावात पाणी होतं, ते तोंडापर्यंत नेणारे हात नव्हते.

गावात एक परका तरुण आला होता. पांढरा सूट घातलेला, वय एकतीस, जिनिव्हाचा व्यापारी. तो ना डॉक्टर होता, ना सैनिक. अल्जेरियातल्या त्याच्या पिठाच्या गिरणीला पाण्याचे आणि जमिनीचे हक्क मिळत नव्हते. त्यासाठी थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनला भेटायचं म्हणून तो इथवर पोचला होता. त्याचं नाव हेन्री ड्युनांट.

पुढे काय झालं ते आपण शाळेतच वाचतो. ड्युनांटला जखमींची दया आली आणि त्यातून रेड क्रॉसचा जन्म झाला. हे खरंच आहे, पण अपुरं आहे. दया त्या दिवशी कास्तिल्योनेत पुष्कळांना आली होती. गावच्या बायका रडत होत्या, वाटसरू हळहळत होते. ड्युनांटनं पुढच्या तीन दिवसांत जे केलं, त्यात हळहळीपेक्षा व्यवस्था जास्त होती. ही व्यवस्था त्याच्या हाताला कुठून आली, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

चर्चमधले तीन दिवस

गावातल्या मोठ्या चर्चमध्ये सुमारे पाचशे जखमी होते. ड्युनांटनं तिथे तळ ठोकला. पहिलं काम म्हणजे माणसं जमवणं. त्यानं गावच्या बायकांना हाक दिली आणि कामं वाटून दिली: काहींनी जखमा धुवायच्या, काहींनी रस्सा पाजायचा, काहींनी पट्ट्यांसाठी कापड फाडायचं. पोरांना बादल्या घेऊन विहिरीवर पिटाळलं. आपल्या गाडीवानाला ब्रेशिया शहरात पाठवलं. त्यानं आणायच्या वस्तूंची यादी पाहण्यासारखी आहे: कॅमोमाइलची फुलं, लिंबं, साखर, सदरे, स्पंज, सुती पट्ट्या, टाचण्या आणि तंबाखू. तंबाखू कशासाठी? पायपाच्या धुरात सडलेल्या जखमांचा दर्प थोडा दबायचा आणि हातपाय कापून घ्यायची वेळ आलेल्या माणसाला घटकाभर धीर यायचा.

मग त्यानं वाटेनं जाणारे प्रवासी गाठले. त्यांत एक निवृत्त नौदल अधिकारी होता, दोन इंग्रज होते, पॅरिसचा एक पत्रकार होता, स्वित्झर्लंडमधला एक व्यापारी होता. काही जण तासाभरात हबकून निघून गेले, काही टिकले. फ्रेंचांच्या कैदेत असलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना जखमींवर उपचार करायला सोडावं, म्हणून त्यानं खटपट केली. सैनिक कुठल्या बाजूचा आहे हे कुणी विचारायचं नाही, असं ठरलं. गावच्या बायकांनीही ते उचललं आणि सगळे भाऊच आहेत असं त्या एकमेकींना सांगू लागल्या. रात्री तो मरणाऱ्या पोरांच्या उशाशी बसून त्यांच्या आईवडिलांचे पत्ते टिपून घ्यायचा आणि त्यांचे निरोप कागदावर उतरवायचा.

एक नजर या कामांवर पुन्हा टाका. माणसं गोळा करणं, कामं वाटणं, यादी करणं, सामान आणवणं, अधिकाऱ्यांकडे रदबदली करणं, पत्रं लिहिणं. यातलं एकही काम वैद्यकीय नाही. ही सगळी मंडळ चालवणाऱ्या कार्यकर्त्याची कामं आहेत, आणि ड्युनांट विशीत असल्यापासून तेच करत आला होता.

कापडाच्या दुकानातले बारा जण

ही गोष्ट नीट समजायला १८४४ सालच्या लंडनला जावं लागेल. सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारालगत हिचकॉक अँड रॉजर्स ही कापडाची मोठी पेढी होती. शंभराहून जास्त नोकर दुकानाच्याच इमारतीत राहायचे. सकाळी सातच्या सुमारास गल्ल्यामागे उभं राहायचं ते रात्री नवापर्यंत, आठवड्याचे सहा दिवस. खोल्या कोंदट, एका खोलीत अनेक जण. घर शेकडो मैल लांब. दुकान बंद झालं की समोर दारूचा गुत्ता. औद्योगिक क्रांतीनं खेड्यांतून शहरात ओढून आणलेल्या लाखो पोरांचं आयुष्य तेव्हा असंच चाललं होतं.

जॉर्ज विल्यम्स हा त्यांतलाच एक. सॉमरसेटमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, वय बावीस. ६ जून १८४४ रोजी त्याच्या निजायच्या खोलीत बारा तरुण जमले आणि त्यांनी एक संघ काढला. नाव ठेवलं यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन. जग त्याला वायएमसीए म्हणून ओळखतं. सुरुवात बायबल अभ्यासानं आणि प्रार्थनेनं झाली. पण त्या बारा जणांनी स्वतःवर आणखी एक जबाबदारी घेतली: आपल्या पेढीतल्या आणि शेजारच्या पेढ्यांतल्या प्रत्येक एकट्या पोरापर्यंत पोचायचं.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती एक बाब. हा संघ कुणी बिशपनं काढला नव्हता, कुणा धनिकानंही नाही. धर्मोपदेशक हजर नसताना प्रार्थना चालवायची, शास्त्रवचन वाचून त्यावर बोलायचं, वर्गणी गोळा करायची, हिशेब ठेवायचा, इतिवृत्त लिहायचं, हे सगळं वीस-बावीस वर्षांचे दुकानातले नोकर करत होते. वेगवेगळ्या चर्चचे लोक एका बाकावर बसत होते. दिवसभर मालकाची आज्ञा पाळणारा मुलगा आठवड्यातून एक संध्याकाळ निर्णय घेणारा माणूस होत होता. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार म्हणून पहिल्यांदा पावतीपुस्तक हाती आलेल्या पोराला जे वाटतं, ते त्या पोरांना वाटलं असणार.

१८५१ साली लंडनमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरलं. ते पाहायला आलेल्यांनी ही कल्पना घरी नेली आणि वर्ष संपण्याआधी अमेरिकेत बोस्टनला वायएमसीए सुरू झाली. हिंदुस्थानात ती १८५७ साली कोलकात्यात आली, आणि १८७५ मध्ये मुंबईत. त्याच वर्षी मुंबईत तरुणींसाठीची भगिनी संस्था, म्हणजे वायडब्ल्यूसीए, सुरू झाली आणि देशातल्या तिच्या कामाचा आरंभ इथूनच झाला. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या एकट्या पोराची आणि एकट्या मुलीची व्यथा लंडनहून वेगळी नव्हती. त्यांना निवारा हवा होता, वाचायला चार पुस्तकं हवी होती, आणि नावानं हाक मारणारं कुणीतरी हवं होतं.

पत्रं लिहिणारा चिटणीस

आता जिनिव्हाला येऊ. ड्युनांटचं शाळेत जमलं नाही. गुण कमी पडल्यामुळे त्याला शाळा सोडावी लागली आणि तो एका सावकारी पेढीत उमेदवारीला लागला. घर धार्मिक वळणाचं. अठराव्या वर्षीच तो गरिबांना मदत करणाऱ्या मंडळात जाऊ लागला. रविवारी तुरुंगात जाऊन कैद्यांना वाचून दाखवायचं काम त्यानं अंगावर घेतलं.

१८४७च्या सुमारास आल्प्समधल्या भटकंतीनंतर त्यानं आणि त्याच्या काही मित्रांनी एक पद्धत पाडली. दर गुरुवारी जमायचं, बायबल वाचायचं आणि त्या आठवड्यात कुणाला कशी मदत करता येईल ते ठरवायचं. ‘गुरुवारचा संघ’ हेच त्याचं नाव पडलं. १८५२च्या नोव्हेंबरात यातूनच जिनिव्हाची वायएमसीए उभी राहिली आणि ड्युनांट तिचा पत्रव्यवहार सांभाळू लागला.

त्यानं हे काम जीव ओतून केलं. फ्रान्स, हॉलंड, बेल्जियम, अल्जेरिया, जिथे जिथे तरुणांचा असा एखादा गट असल्याचं कळलं, तिथे त्यानं पत्र धाडलं. तुमच्याकडे किती जण जमतात, अडचण काय येते, दुसऱ्या गावाला तुम्ही काय शिकवाल? कामानिमित्त प्रवास घडला की त्या गावच्या गटाला भेट ठरलेली. सगळ्या देशांच्या गटांनी एकदा एकत्र यावं, हा आग्रह त्यानं लावून धरला. १८५५च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला ही परिषद भरली तेव्हा ९९ प्रतिनिधी आले, बहुतेक तिशीच्या आतले. तिथे वायएमसीएचा जागतिक संघ स्थापन झाला. तो आजही जिनिव्हातूनच चालतो.

कास्तिल्योनेच्या चार वर्षं आधी, सत्तावीस वर्षांच्या या तरुणानं एक गोष्ट हाताळून पाहिली होती. स्वयंसेवकांचे लहान लहान गट प्रत्येक देशात असू शकतात, ते आपापल्या जागी स्वतंत्र राहू शकतात, आणि एका समान तत्त्वानं जोडलेही जाऊ शकतात. १८६२ साली त्यानं सोल्फेरिनोच्या आठवणींचं पुस्तक स्वखर्चानं छापलं आणि त्याच्या शेवटी एक सूचना मांडली. प्रत्येक देशात शांततेच्या काळातच स्वयंसेवकांची मदत मंडळं तयार ठेवावीत आणि जखमींच्या संरक्षणासाठी राष्ट्रांनी एक करार करावा. या सूचनेचा पहिला भाग ओळखीचा वाटतो ना? तो वायएमसीएचाच आराखडा आहे, रणांगणासाठी बेतलेला.

फेब्रुवारी १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती बसली. त्यात कायदेपंडित होता, सेनापती होता, दोन डॉक्टर होते आणि चिटणीस म्हणून ड्युनांट होता. २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. युद्धात जखमी झालेला सैनिक, त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर आणि त्याला उचलून नेणारी गाडी यांच्यावर हल्ला करायचा नाही, हे राष्ट्रांनी पहिल्यांदा लेखी मान्य केलं. पांढऱ्यावर तांबडा क्रूस ही खूणही तेव्हाच ठरली. दर गुरुवारी तरुणांचा गट आणि त्यांच्यासमोर इतिवृत्ताची वही, एवढ्यावर सुरू झालेली वाट इथवर आली.

दोन टोपल्या आणि तेरा नियम

बैठकीत बसून सगळेच तरुण घडत नाहीत. काहींना मैदान लागतं. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये वायएमसीएची प्रशिक्षण संस्था होती. तिथे शिकणारे तरुण पुढे देशोदेशी वायएमसीएचे सेक्रेटरी म्हणून जाणार असत. सेक्रेटरी म्हणजे इथे कारकून नव्हे. एका शहरातलं सगळं काम अंगावर घेणारा पूर्णवेळ संघटक. १८९१च्या हिवाळ्यात या विद्यार्थ्यांचा एक वर्ग फार कंटाळला होता. बाहेर बर्फ, आत तेच ते कवायतीचे प्रकार. दोन शिक्षकांनी हात टेकले. मग वर्ग जेम्स नेस्मिथ यांच्याकडे आला.

नेस्मिथ कॅनडाचे. लहानपणीच आईवडील गेले. त्यांनी ईश्वरविज्ञानाचं शिक्षण घेतलं होतं, पण तरुणांपर्यंत पोचायला व्यासपीठापेक्षा मैदान जवळचं आहे असं त्यांना वाटू लागलं होतं. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी त्यांना चौदा दिवसांची मुदत दिली. नेस्मिथ यांनी विचार केला तो खेळातल्या मारामारीच्या मुळाचा. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवण्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. मग चेंडू घेऊन पळायचंच नाही असं ठरवलं तर? चेंडू हाती आला की तो सोबत्याकडे द्यायचा. आणि गोल जमिनीवर न ठेवता डोक्यावर उंच ठेवला, तर चेंडू जोरात हाणण्यापेक्षा नेमका टाकावा लागेल.

त्यांनी इमारतीच्या राखणदाराकडे दोन खोकी मागितली. त्याच्याकडे पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही जगभर बास्केटबॉलची कडी दहा फुटांवरच असते. तेरा नियम टंकून फलकावर लावले. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून नऊ-नऊ जणांचे दोन संघ पडले. त्यांत एक जपानी विद्यार्थीही होता. पहिला सामना एका गुणानं निकाली निघाला. टोपलीला बूड असल्यामुळे पडलेला चेंडू वर चढून काढावा लागायचा.

हे अठरा जण शिकून बाहेर पडले तेव्हा खेळ त्यांच्याबरोबर गेला. काही वर्षांतच बास्केटबॉल आशियातही पोचला. १८९५ साली होलिओक या जवळच्याच गावी वायएमसीएचे शिक्षक विल्यम मॉर्गन यांनी धकाधकी न सोसणाऱ्या वयस्कर सभासदांसाठी आणखी एक खेळ बसवला. तो व्हॉलीबॉल. आपल्याकडे संध्याकाळी गावच्या मैदानावर दोन खांबांना जाळी बांधून पोरं जो खेळ खेळतात, त्याचं मूळ तिथे आहे.

खेळामागची दृष्टी गुलिक यांनी एका त्रिकोणात मांडली होती: शरीर, मन आणि आत्मा. तिन्ही बाजू सारख्या. चेंडू स्वतःपाशी ठेवायचा मोह सोडून तो योग्य जागी असलेल्या सोबत्याकडे देणं, हे नेस्मिथ यांच्या मते चारित्र्याचं शिक्षण होतं. भारतात या विचाराचं रोप लावलं हॅरी क्रो बक यांनी. त्यांनी १९२० साली मद्रासमध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं आणि पुढे देशभरच्या शाळांना तिथून क्रीडाशिक्षक मिळू लागले. याच काळात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरचे धावपटू पाहून दोराबजी टाटा यांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. मग देशभर ऑलिंपिक संघटना बांधायची वेळ आली तेव्हा टाटांच्या मदतीला वायएमसीएचे नोहरेन आणि बक ही मंडळी उभी राहिली. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून बक गेले होते. मुंबईचा पारशी उद्योगपती, पुण्याचा जिमखाना आणि मद्रासचा ख्रिस्ती क्रीडाशिक्षक, असा तो मेळ होता.

मैत्री मागणारा तरुण

परदेशी माणसानं काढलेला कार्यक्रम आपल्या माणसाला आपला कधी वाटतो? तो चालवायचा अधिकार आपल्या हाती आला की. वेदनायकम सॅम्युएल आझरिया यांच्या आयुष्यात ते नीट दिसतं.

आझरिया तिरुनेलवेली भागातल्या एका खेड्यातले. जन्म १८७४. वयाच्या विशीत ते दक्षिण भारतात वायएमसीएचे सेक्रेटरी झाले. गावोगावी फिरायचं, तरुणांचे गट बांधायचे, शिबिरं घ्यायची. वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं. १९०२ मध्ये ते जाफन्याला गेले. तिथले तमिळ ख्रिस्ती तरुण स्वतः पैसे जमवून आपली माणसं दुसऱ्या भागात सेवेला पाठवत असल्याचं त्यांनी पाहिलं. त्यांना चुटपुट लागली. हे आम्ही का करत नाही? परदेशातून पैसे येतील, परदेशातून माणसं येतील, मगच काम होईल, असं आम्ही का धरून चाललो आहोत?

परत येऊन त्यांनी १९०३ मध्ये तिरुनेलवेलीत भारतीय मिशनरी संस्था काढली. १९०५च्या नाताळच्या दिवशी श्रीरामपूरला, बंगालमधल्या, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले ख्रिस्ती प्रतिनिधी जमले आणि नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तिचा कणा होता भारतीय माणसं आणि भारतीय पैसा. स्वदेशीचं वारं देशात वाहत होतं, त्याच वर्षाची ही गोष्ट आहे.

१९१० साली एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी. त्यांत आशियातल्या मंडळ्यांचे वीससुद्धा नव्हते. पस्तिशीतले आझरिया बोलायला उभे राहिले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली आणि मग सभागृहाला बोचेल असं सत्य सांगितलं: तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ दिलंत, पण बरोबरीची मैत्री दिली नाहीत. मिशनरी आणि भारतीय सहकारी वर्षानुवर्षं एका गावात काम करतात, पण एकमेकांच्या घरी जेवत नाहीत. सभागृहात अस्वस्थता पसरली. पण ते भाषण आजही त्या परिषदेची ओळख म्हणून सांगितलं जातं.

हे बोलण्याचं बळ कुठून आलं? मला वाटतं, त्या प्रदीर्घ संघकामातून. अमेरिकेहून आलेले शेरवूड एडी आणि आझरिया वायएमसीएत खांद्याला खांदा लावून काम करत. तिथे त्यांनी खरी मैत्री अनुभवली होती, म्हणून तिची उणीव कुठे आहे ते त्यांना नेमकं दिसलं आणि सांगताही आलं. १९०९ मध्ये सेक्रेटरीपद सोडून त्यांनी तेव्हाच्या निजामाच्या राज्यातल्या डोर्नकलला जायचं ठरवलं. पस्तिशीला टेकलेला तमिळ माणूस नव्यानं तेलुगू शिकला. १९१२च्या डिसेंबरात ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. पुढची तीस-बत्तीस वर्षं माला आणि मादिगा या दलित समाजांच्या वस्त्यांमधून ते फिरले, आणि त्यांनी गावच्या माणसांनाच पुढारी म्हणून उभं केलं. डोर्नकलचं कॅथीड्रल त्यांनी मुद्दाम असं बांधून घेतलं की त्यात मंदिराचे खांब आणि मशिदीचे घुमट दोन्ही दिसावेत. पाहणाऱ्याला ते इथल्याच मातीतलं वाटावं, हा हेतू.

पतसंस्था, अंडी आणि मध

के. टी. पॉल हे आझरियांचे समकालीन. जन्म १८७६, सेलमचा. नॅशनल मिशनरी सोसायटीच्या कामासाठी देशभर हिंडताना त्यांनी खेडी पाहिली आणि खेड्यातल्या माणसाच्या मानेवर बसलेलं सावकाराचं कर्ज पाहिलं. प्रार्थना करून उठलेला माणूस संध्याकाळी सावकाराच्या दारात हात जोडून उभा राहत असेल, तर आपल्या कामात काहीतरी राहून गेलंय, हे त्यांना उमगलं. त्यांनी वायएमसीएचं तोंड शहरातून गावाकडे वळवलं आणि गावोगावी सहकारी पतसंस्था उभ्या करायला घेतल्या. १९१६ मध्ये ते वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले.

त्याच वर्षांत पहिलं महायुद्ध चाललं होतं. फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात भारतीय शिपाई लढत होते. मेसोपोटेमियात मराठा पलटणीही होत्या. वायएमसीएनं छावण्यांमध्ये तंबू आणि झोपड्या उभारल्या, तिथे चहा, खेळ, गाणी असायची. सगळ्यांत मोठी गर्दी व्हायची ती पत्र लिहून घेणाऱ्यांची. शिपायाला लिहिता येत नसे, म्हणून वायएमसीएचा तरुण त्याच्या शेजारी बसायचा आणि तो सांगेल ते कागदावर उतरवायचा. कास्तिल्योनेच्या चर्चमध्ये ड्युनांटनं केलेलं काम सुमारे साठ वर्षांनी पुन्हा तसंच चाललं होतं.

पॉल १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेला भारतीय ख्रिश्चनांचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि पुढच्याच वर्षी वारले. त्यांनी घालून दिलेल्या वाटेवरचं सगळ्यांत गाजलेलं केंद्र म्हणजे मार्तंडम. तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यात. १९२०च्या दशकात स्पेन्सर हॅच या अमेरिकन कृषितज्ज्ञानं तिथे वायएमसीएचं ग्रामकेंद्र चालवलं. पद्धत सोपी होती. गरिबाला परवडेल तेवढंच शिकवायचं: चांगल्या जातीच्या कोंबड्या, मधमाश्यांच्या पेट्या, ताडाचा गूळ. अंडी पारखून, प्रतवारी करून सहकारी तत्त्वावर शहरात विकायची. काम शिकलेल्यानं ते पुढच्या गावात शिकवायचं. केंद्रानं कुणाला फुकट काही द्यायचं नाही, फक्त शेजारी उभं राहायचं. मार्तंडमचा मध आजही नावाजलेला आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

माणूस घडतो तो कसा

इतकी माणसं, इतके देश. पण यांच्या घडणीत काही गोष्टी सारख्या दिसतात.

पहिली म्हणजे गट लहान होता. बारा जण, अठरा जण. लहान गटात गैरहजेरी लपत नाही आणि गप्प बसणाऱ्याला कधीतरी बोलावंच लागतं. दुसरी, पूर्ण तयार होण्याआधीच काम अंगावर पडलं. ड्युनांट पत्रव्यवहार सांभाळू लागला तेव्हा चोविशीत होता, विल्यम्स बाविशीत. चुका झाल्या आणि त्या चुकांतून ते शिकले. तिसरी, काम बारीकसारीक होतं. वर्गणीचा हिशेब, सतरंजी घालणं, आजाऱ्याला भेटून येणं. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतल्या तरुण संघातही मोठ्यांच्या हाताखाली पोरं हेच शिकत आली आहेत.

चौथी गोष्ट श्रद्धेची, आणि ती वगळून हा विषय समजणार नाही. येशूनं शिष्यांचे पाय धुतले ही कथा या तरुणांनी पुन्हा पुन्हा वाचली होती. जो मोठा तो सेवक, हा अर्थ त्यांच्या मनात मुरला होता. म्हणून नेतृत्व या शब्दाचा अर्थच त्यांच्यासाठी वेगळा होता. पुढं उभं राहण्याइतकंच वाकणंही त्यात आलं. वचन वाचलं की त्यातून येत्या आठवड्यासाठी एक तरी काम निघालं पाहिजे, ही सवय त्यांना लागली. वर्षातले बावन्न गुरुवार, अशी दहा वर्षं. मग एखाद्या जून महिन्यात कास्तिल्योने समोर येतं तेव्हा विचार करायला वेळ नसतो. त्या वेळी सवय कामी येते.

या परंपरेच्या उणिवाही तितक्याच खऱ्या. स्त्रियांना वेगळी संस्था काढावी लागली. आझरियांना एडिंबरोत जे बोलावं लागलं, ते बोलायची वेळ यायला नको होती. आणि ड्युनांटच्या पडत्या काळात त्याच्या संघातल्या सोबत्यांनी त्याला सांभाळलं नाही. १८६७ मध्ये त्याचा व्यवसाय बुडाला, लोकांचे पैसे अडकले. जिनिव्हाच्या समाजात दिवाळं हा मोठा कलंक. रेड क्रॉसच्या समितीतून त्याला काढलं गेलं आणि ज्या वायएमसीएची पत्रं त्यानं रात्री जागून लिहिली होती, तिथूनही बाहेर पडावं लागलं. तो जिनिव्हा सोडून गेला तो पुन्हा परतला नाही. कित्येक वर्षं त्यानं उपाशीपोटी, पडवीत झोपून काढली. ज्या संघानं सेवा शिकवली त्याला पडलेल्या माणसाला पोटाशी धरणं जमलं नाही, हे लिहिताना वाईट वाटतं. तरुणांना पुढारी करणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. यशाची तयारी आपण करून घेतो, तशी अपयशी सोबत्याला सांभाळायची तयारीही करून घेतली पाहिजे.

हायडनची खोली

१८९२ मध्ये ड्युनांट स्वित्झर्लंडच्या पूर्व भागातल्या हायडन गावच्या रुग्णालयात राहायला आले. खोली क्रमांक बारा. १८९५ मध्ये एका पत्रकाराला ते सापडले आणि रेड क्रॉसचा विसरलेला जनक अजून जिवंत आहे हे जगाला कळलं. १९०१ साली पहिलंवहिलं शांततेचं नोबेल पारितोषिक त्यांना आणि फ्रान्सचे फ्रेदेरिक पासी यांना विभागून मिळालं. वायएमसीएच्याच तालमीतून आलेले जॉन मॉट यांना हे पारितोषिक पुढे १९४६ साली मिळालं.

पैसे आले तरी ड्युनांट त्या खोलीतून हलले नाहीत. ३० ऑक्टोबर १९१० रोजी ते तिथेच गेले. अंत्यविधीचा समारंभ नको असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मृत्युपत्रातली एक तरतूद मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हायडनच्या रुग्णालयात गावातल्या गरीब आजाऱ्यासाठी एक खाट कायम मोफत ठेवावी, म्हणून त्यांनी पैसे ठेवले होते.

अखेरपर्यंत त्यांच्या विचाराचं परिमाण तेच राहिलं. एक माणूस, एक खाट. येत्या आठवड्यात कुणाला काय लागेल, याचा हिशेब. बाविशीत दर गुरुवारी तेच तर ते वहीत लिहीत होते.